मामांनी पाळलेला संगणक

आमच्या प्रयोगशाळेतले नमुनेवाले मामा नसते, तर मी आज सिंधुदुर्गात भावाच्या दारात परत जाऊन बसलेली असते. हे आधीच सांगते, नाहीतर पुढचं वाचून तुम्ही मामांना वेडे म्हणाल. थोडे ते आहेतच. संगणकाला फक्त चारा घालायचाच बाकी ठेवलेला दुसरा माणूस अख्ख्या परभणी जिल्ह्यात सापडायचा नाही.

नवऱ्याला सेलूला कापसाच्या जिनिंगमध्ये काम मिळालं आणि आठवीत शाळा सुटलेली मी, जनावरांचे रोग तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कंत्राटावर लागले. शेण, रक्त, दूध यायचं; मामा बाटलीवर चिठ्ठी लावायचे, मी वहीत लिहायची. मामांना मालकाचं नाव कधी आठवत नसे, जनावराचं मात्र स्वभावासकट आठवे. "ती तांबडी, एका शिंगाची, लय मानी," असं म्हणत ते बरोबर ती बाटली उचलत. मग वरून आदेश आला: सगळ्या प्रयोगशाळा एकमेकींना जोडायच्या, वह्या बंद, नोंद संगणकात, अहवाल थेट मालकाच्या मोबाइलवर. महिनाअखेरीला साहेब परीक्षा घेणार, आणि ज्याला नोंद जमणार नाही त्याचं कंत्राट तिथंच संपणार. जिनिंगचं काम हंगामी; माझं कंत्राट गेलं असतं, तर मला भावाकडंच परतावं लागलं असतं.

मामांनी मात्र संगणक चारी बाजूंनी पाहिला, पाठीवरून हात फिरवला, मागच्या पंख्याजवळ नाक नेलं आणि म्हणाले, "अंग तापलंय. पण नजर तरतरीत हाय." तेव्हापासून तो त्यांच्या दावणीचा. अडकला की "पोट फुगलंय, आफरा आलाय", नेट गेलं की "आटला". यंत्र एकच, तेही दिवसभर गुंतलेलं. म्हणून मामांनी नमुन्याच्या रिकाम्या बाटल्यांची झाकणं धुऊन फळीवर चिकटवली, त्यांवर अक्षरं लिहिली, आणि जेवणाच्या सुट्टीत मी शेणाच्या झाकणांवर टायपिंग शिकले. मी झाकणं बडवायला लागले की मामा म्हणायचे, "हळू गं. धार काढायलीस का भांडायलीस?"

बोटं बसली, धीर काही बसेना. पडद्यावर ते गोल चक्र फिरायला लागलं की मी घाबरून बटण दाबतच सुटायची. त्यात गंगाखेडच्या एका शेतकऱ्याची शेळी नऊ वेळा नोंदली गेली. दोन दिवसांनी तो एसटीनं दारात हजर. "माझी शेळी एक अन् मेसेज नऊ! बाकीच्या आठ कुठं बांधल्यात?" मी रडकुंडीला आले. मामा शांतपणे म्हणाले, "त्या आठ लय गुणी हायेत, पाव्हणं. चाराच मागत न्हाईत." त्याला चहा पाजून वाटेला लावलं आणि माझ्याकडं वळले. "पोरी, चाक फिरायलंय म्हणजे जनावर रवंथ करायलंय. रवंथ करताना कुणी कासरा ओढतं का?" त्यावर त्यांनी औषधही काढलं: चक्र सुरू झालं की शेणाची भरलेली, बिनझाकणाची बाटली दोन्ही हातांनी धरून बसायचं. सांडली तर फरशी आपणच पुसायची.

परीक्षेला साहेब माझ्या खुर्चीमागं उभे राहिले. मी एक म्हैस नोंदली, बटण दाबलं. चक्र फिरू लागलं आणि फिरतच राहिलं. माझी बोटं वळवळली, तशी मामांनी मुकाट्यानं बाटली पुढं केली. ती धरून मी डोळे मिटले.

"हे काय चाललंय?" साहेबांनी नाक दाबून विचारलं.

"ती थांबायलीय, साहेब," मामा कौतुकानं म्हणाले.

चक्र थांबलं. म्हैस एकदाच नोंदली गेली होती. साहेबांनी आधी खिडकी उघडली, मग माझ्या कंत्राटाच्या कागदावर सही केली.

मामा गेल्या वर्षी निवृत्त झाले, आता येलदरीला मुलाकडं असतात. परवा फोनवर मधेच म्हणाले, "तुमच्याकडच्या समुद्रात म्हशी डुंबतात का गं?" साठी उलटली, पण येलदरीच्या धरणापेक्षा मोठं पाणी त्यांनी पाहिलेलं नाही. मी कामात होते. "खारं असतं, मामा," एवढंच म्हणाले आणि फोन ठेवला. ते दिवसभर मनाला लागून राहिलं. मामा, मी सुट्ट्या साठवायलेय. एक दिवस तुम्हाला आमच्या गावच्या किनाऱ्यावर नेणार आहे. म्हशींचं काय ते तुम्हीच पाण्यात उभं राहून ठरवा.