विहिरीला गेटपास

मंडळी, आज डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय.

उद्या माझ्या नातीचं, रोशेलचं लग्न. आमच्या अंधेरीच्या जुन्या ख्रिस्ती गावठाणात आदल्या दिवशी वाजतगाजत जाऊन नवरीच्या न्हाणाचं पाणी विहिरीवरून आणतात. आमची विहीर आता विमानतळाजवळच्या एका मालगोदामाच्या भिंतीआड आहे. तरी बँड आणि कळशी घेऊन आम्ही गेलो.

गेटवरचा वॉचमन म्हणाला, “आजी, पास आहे का?”

“विहिरीला कसला पास रे?”

सत्तरच्या दशकात आमची शेतं गेली, तेव्हा मी लग्नाच्या वयाची होते. जमीन घ्यायला आलेले साहेब आमच्याकडे जेवले. पप्पांना म्हणाले, “इथून आपला माल जगभर जाईल, राज्य मोठं होईल. विहीर तुमचीच, कधीही या.”

मी म्हटलं, लिहून घ्या. पप्पा माझ्यावरच चिडले. “आपल्या घरी जेवलेल्या माणसाकडून लिहून घेतात का गं?”

माल खरंच जगभर जातो. आज आम्ही उन्हात उभे होतो आणि हापूसच्या पेट्यांनी भरलेले ट्रक आत जात होते. त्यांच्यासाठी गेट लगेच उघडत होतं.

शेवटी वॉचमनलाच दया आली. त्याने स्वतःच्या बाटलीतलं पाणी कळशीत ओतलं. बँडवाल्याने हळूच विचारलं, “वाजवू ना?”

“वाजव.”

घरी रोशेल वाट बघत होती. “आजी, आपल्या विहिरीचंच ना?”

“हो गं,” म्हटलं. त्या साहेबांसारखंच, अगदी सहज.

तुम्ही काय सांगितलं असतं?