भट्टीपुढची पाठ

प्रमिला गेली, ते मला तिच्या मुलाने, निलेशने, फोनवर सांगितलं. सकाळची चहाची वेळ होती. झोपेतच गेली, त्रास काही झाला नाही, असं सांगून तो म्हणाला, "मावशी, तू लवकर ये. बायका विचारतायत, आईला कुंकू लावायचं की नाही."

हा प्रश्न दुसऱ्या कुणाच्या घरात पडत नाही. नवरा मागे असेल तर बाईला हिरवी साडी नेसवून, मळवट भरून पाठवतात. नसेल तर नाही. प्रमिलाचा नवरा आहे की नाही, हेच कुणाला ठाऊक नव्हतं. निलेश शाळेत असताना तो नवरा आमच्या मिऱ्याच्या किनाऱ्यावरून होडी घेऊन गेला. वादळानंतर होडी सापडली, खलाशी सापडले, होडीचा तांडेल, म्हणजे तो स्वतः, तेवढा सापडला नाही. प्रमिला मासळीच्या धंद्यात उतरली. लिलावात भल्याभल्यांना गप्प करायची आणि संध्याकाळी ओटीवर समुद्राकडे तोंड करून लाकडी खुर्चीत बसायची. कपाळावरचं कुंकू तिने कुणाला हलवू दिलं नाही. मी पलीकडच्या आळीतली शाळामास्तरीण. तिला चिडवायचे, की समुद्राला तुझी दृष्ट लागेल एक दिवस. ती हसायची, पण खुर्ची सोडायची नाही.

निलेश कमावता झाला आणि बाबांचं करून टाकू म्हणून मागे लागला. देह मिळाला नाही तर दर्भाचा पुतळा करून संस्कार करतात. त्याचंही चुकत नव्हतं. बापाला ना जिवंत धरायचं ना मेलेलं, असं किती वर्षं काढायची? शेवटी ती हो म्हणाली. आधी जरा फिरून ये, आल्यावर विधी करू, असं म्हणत त्याने तिला युरोपच्या सहलीला धाडलं. एकटी जायची नाही म्हणून तिने मलाही ओढलं.

सहलीत रोज वरणभात मिळायचा. इटलीतल्या एका बंदराच्या गावी मात्र स्वयंपाक्याची गाडी वाटेत अडकली आणि ज्याने त्याने आपापलं जेवावं असं ठरलं. आम्ही दोघी गल्लीतल्या एका लहानशा पिझ्झाच्या हॉटेलात शिरलो. मोजकी टेबलं, मागे विटांची भट्टी. मी साधा टोमॅटो-चीजचा पिझ्झा मागवला. प्रमिलाने शेजारच्या टेबलाकडे बोट दाखवून खारवलेल्या बारीक मासळीचा मागवला. आपली मांदेलीच गो ही, असं म्हणत कड भाकरीसारखी मोडून चवीने खायला लागली... आणि मधेच तिचा हात थांबला.

भट्टीपुढे एक माणूस आमच्याकडे पाठ करून उभा होता. लांब दांड्याच्या फळीवरून पिझ्झा आत सारत होता, बाहेर ओढत होता. दांडा मागे घेताना त्याचा डावा खांदा खाली जायचा, मान किंचित तिरकी व्हायची. वल्हं मारणाऱ्याचं अंग असंच हलतं, हे मिऱ्यावर राहून मलाही ठाऊक होतं.

"ह्यांची पाठ हाय ती," प्रमिला म्हणाली.

पुढे जाऊन बघते, असं काहीतरी पुटपुटत मी उठायला लागले. तिने माझं मनगट धरलं.

"नको गो. तोंड बघितला की संपला सगळा."

मग तिने माझ्याशी जागा बदलून घेतली. भट्टीकडे पाठ करून बसली आणि राहिलेला पिझ्झा शेवटच्या घासापर्यंत खाल्ला. आता भट्टी माझ्या समोर होती, पण मान वर करायची माझी हिंमत झाली नाही. मी ताटलीकडे बघत राहिले. मला तिचा राग आला होता, आणि एवढ्या लख्ख उजेडात भीतीही वाटत होती.

बाहेर पडून थोडं पुढे गेलो, तर मागून भरभर पावलं आली आणि एका पुरुषाची हाक. भाषा कळली नाही. प्रमिलाची शाल खुर्चीवर राहिलीय, हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं. ती द्यायलाच कुणी धावत आलं असणार. प्रमिलाने माझा हात घट्ट धरला आणि चालत राहिली. हाक पुन्हा आली... मग थांबली. आम्ही दोघींनीही वळून बघितलं नाही. शाल तिकडेच राहिली.

घरी आल्यावर तिने निलेशला सांगितलं, बाबांचं काही करायचं नाही. तो माझ्यावर उखडला, तिकडे झालं तरी काय? पिझ्झा खाल्ला, मी म्हटलं. त्याहून खरं मला काही सांगता येईना. दुसऱ्या दिवशी प्रमिलाने ओटीवरची खुर्ची फिरवली, समुद्राकडे पाठ करून. आता वाट बघत नाहीस का, असं मी एकदा विचारलं. येणाऱ्याला येऊ दे की, म्हणाली. पूर्वीपेक्षा सुखात बसायची ती.

त्या सकाळी मी पोचले तेव्हा तिला आंघोळ घालून झाली होती. थोरली जाऊ कुंकवाचा करंडा घेऊन नुसती उभी होती. काय सांगणार होते मी त्या बायकांना? परक्या गावात बघितलेली एक पाठ? मी करंडा घेतला आणि प्रमिलाचा मळवट भरला, कपाळ झाकेपर्यंत. निलेश दाराशी उभा राहून रडत होता.

परवा तो खुर्ची पुन्हा समुद्राकडे फिरवायला निघाला. मी म्हटलं, राहू दे. हल्ली तिन्हीसांजेला मीच तिथे बसते. पाठीमागे होड्या परततात, इंजिनं बंद होतात, माणसं उतरून आपापल्या वाटेने जातात. कधीकधी एखादं पाऊल या घराच्या दिशेने येतं, पायरीपाशी थांबतं... शेजारपाजारचं कुणी असेल. मान वळवली की कळेल. मी वळवत नाही.