लडकूची हुतूतूची शपथ

सापगावचा लडकू स्वतः कधी हुतूतू खेळला नाही. लहानपणी जांभळीवरून पडून त्याचा उजवा गुडघा कायमचा ताठरला होता. चालायला अडचण नव्हती, पण झटकन वळायचं म्हटलं की तो पाय ऐकत नसे. मात्र सापगावच्या गड्यांपैकी कोण किती वेळ दम धरतो, कोणाचा डावा हात लांब पोचतो, कोण ऐन वेळी घाबरतो, हे त्याला त्यांच्या आयांपेक्षा जास्त ठाऊक होतं. भाताची झोडणी उरकली, दाणा घरात आला, की पौषातल्या म्हसा गावच्या जत्रेपर्यंत गावाचे हात मोकळे असत. त्या दिवसांत लोक सोयरिकी जुळवीत. लडकू हुतूतूचा सराव पाही.

सराव व्हायचा तो लडकूच्याच खळ्यावर. तसं खळं पंचक्रोशीत नव्हतं. आधी पाणी मारायचं, मग धुमसानं ठोकून ठोकून जमीन बसवायची आणि वर शेणाचे दोन हात द्यायचे. सुकलं की तांदूळ सांडला तरी कण न् कण वेचून घ्यावा, असं गुळगुळीत. सराव सुरू होण्याआधी लडकू त्यावर पुन्हा एक हात फिरवी आणि मग दोरी लावून रेघा मारी. रेघ बोटभर वाकडी गेली तरी पुसून नवी काढी.

एवढं करून सापगाव दरवर्षी म्हशाच्या जत्रेतल्या सामन्यात हरत असे, आणि तेही धसईकडून.

धसई म्हणजे लडकूची सासुरवाडी. त्याची बायको सुंदरा तिथली, आणि धसईचा सगळ्यात तेज गडी राघो हा तिचा धाकटा भाऊ. लग्नानंतरच्या पहिल्याच जत्रेत सापगाव अकरा गुणांनी हरलं. नंतर सासरी पंगतीला बसल्यावर राघो वाढता वाढता म्हणाला, “दाजी, भाकर घ्या आनखी. हरल्यावर भूक लय लागते.”

सगळी पंगत हसली. लडकू हात धुऊन उठला आणि म्हणाला, “सापगाव धसईला हरवील, त्या दिवशीच या उंबऱ्याच्या आत पाय टाकीन. त्याआधी नाय.”

त्याला पाच वर्षं झाली. पाच दिवाळ्या सुंदरा एकटीच माहेरी गेली. सासूबाई गुणाबाई दरवेळी जावयासाठी पाट मांडून ठेवी आणि संध्याकाळी उचलून भिंतीला लावी. एकोणीसशे सदतीसच्या दिवाळीहून सुंदरा परत आली ती आईचा घोर घेऊनच. आईला आता डोळ्यांनी कमी दिसू लागलं होतं. “जावयाचं तोंड नीट दिसतंय तवर तरी आण गो त्याला,” असं ती म्हणाली होती.

मार्गशीर्ष लागला. लडकू खळं सारवायला शेण कालवत बसला होता. सुंदरा येऊन कडेला उभी राहिली.

“अवो, एक विचारू? म्हशाला खेळ होतो, तिथं कोण सारवतं?”

“तिथं कोण सारवणार? तिथं बैलबाजार.”

“म्हंजे हजार बैलांच्या खुरांनी माती भुगा झालेली. घोट्याएवढा फुफाटा. आन तुमची पोरं दरसाल या काचेवर घसरायला शिकतात.”

लडकूचा हात शेणात तसाच राहिला. हरलं की दरवर्षी तो खळं आणखी गुळगुळीत करत आला होता. गड्यांना दूध पाजलं, अंडी चारली, देवाला कौल लावला. पायाखाली काय आहे हे कोणी पाहिलंच नव्हतं.

“आन धसईवाले कुठं खेळतात?”

“ते मी सांगणार नाय. माहेरची गोष्ट हाय.”

“मग हे तरी का सांगितलंस?”

“धसईला हरवा असं मी कुठं म्हनतेय? मला माझा नवरा माहेरी न्यायचाय.”

खळं मोडायचं कसं, हा आता लडकूपुढे प्रश्न होता. वर्षाचं अन्न ज्यावर झोडलं त्या जमिनीला कुदळ लावत नाहीत. ती आपोआप पावसानं फुटायची. लडकूनं दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी सकाळी खळ्याच्या मधोमध नारळ फोडला, दोन्ही हात जोडले आणि पहिली कुदळ मारली. गडी जमले तेव्हा तिथं ढेकळं आणि धूळ होती.

“लडकूदादा, येड लागलं का?” सापगावचा म्होरक्या सावळाराम ओरडला.

“खेळा. पडाल, रडाल, मंग शिकाल.”

पहिल्या दिवशी सगळे पडले. नाकातोंडात धूळ गेल्यावर दम कोणाचाच टिकेना. चौथ्या दिवसापासून पाय रोवता येऊ लागला. महिनाभरात सावळाराम त्या फुफाट्यात असा वळू लागला की लडकूचा ताठ गुडघासुद्धा जागच्या जागी वळवळे.

म्हशाला घोंगड्यांच्या आणि बैलांच्या गर्दीतून वाट काढत सापगावकर मैदानाशी पोचले. उन्हं कलायला लागली होती. धसईची माणसं समोरच्या बाजूला बसली होती. त्यांच्यात गुणाबाई होती, आणि तिच्याशेजारी सुंदरा. “आज पन खळं सोबत आनलंय का, दाजी?” राघोनं दंड थोपटत विचारलं. लडकूनं वाकून मैदानातली माती चिमटीत चोळून पाहिली.

पहिल्या डावात सापगाव चार गुणांनी पुढे गेलं. असं कधीच घडलं नव्हतं. दुसऱ्या डावात धसईनं एकेक गुण ओढून आणला. पंचानं शेवटची चढाई पुकारली तेव्हा सापगाव एकाच गुणानं पुढे होतं, आणि रिंगणात सापगावचे तीन गडी उरले होते. चढाईला राघो आला.

त्यानं येता येता सावळारामला शिवलं. परतताना दुसऱ्यानं त्याची कंबर धरली आणि सावळारामनं घोटा पकडून त्याला आडवा पाडला. तिसरा त्याच्या पाठीवर बसला. राघो धुळीत पालथा, अंगावर तीन माणसं, पण तोंडातलं हुतूतू तुटत नव्हतं. तो कोपरांवर सरकत होता. वीतभर. आणखी वीतभर. आवाज मुंगीएवढा झाला, आणि त्याच दमात त्याच्या मधल्या बोटाचं नख रेघेच्या पलीकडे गेलं.

“शाबास रे माझ्या राघो!”

सगळं मैदान क्षणभर गप्प होतं, म्हणून ही आरोळी सगळ्यांना ऐकू गेली. ती लडकूची होती. दोन्ही हात वर करून तो सापगावकरांच्या मधोमध उभा होता.

तिन्ही गडी बाद झाले होते. धसई जिंकली.

“लडकूदादा, आपून हरलो,” सावळाराम धूळ थुंकत म्हणाला.

“हरलो रे. पन तू पायलंस का? तीन जणांच्या खाली!”

“खाली मीच होतो की त्याच्या पायाशी! मला काय इचारतो!” सावळाराम म्हणाला, आणि मग त्यालाच हसू फुटलं. “एका बोटानं गेलो. पुढल्या साली नाय जाणार.”

तेवढ्यात गुणाबाई सुंदराचा हात धरून मैदान ओलांडून आली. लडकूनं मान खाली घातली. त्याची शपथ अजून तशीच उभी होती.

“जावईबापू,” म्हातारी म्हणाली, “मला दिसत नाय आता धड. पन कान शाबूत हायेत. माझ्या पोराचं नाव कोन ओरडलं?”

सावळारामच पुढे झाला. “दादा, शपथ कुनासाठी घेतलीस? आमच्यासाठी ना? मंग आमीच सोडवतो. जा बाबा. नायतर धसईवाले म्हनतील, सापगावची मानसं हरली की तोंड पाडून बसतात.”

सुंदरानं लडकूची घोंगडी उचलली आणि धसईच्या गाडीत नेऊन टाकली.

जिंकलेल्या गाडीत गाणी चालली होती. लडकू मागच्या बाजूला अंग चोरून बसला. गाडी वैशाखरे गावाच्या वाटेला लागली. मग त्याला राहवेना.

“राघो, दुसऱ्यानं कंबर धरली तवा तू डावीकडं वळायला पायजे होतंस. आडवा पडलाच नसतास.”

गाणं थांबलं. राघो सरकून त्याच्याजवळ आला. “कसं, दाजी? दावा बरं.”

लडकूनं गाडीतल्या पेंढ्यावर बोटानं मधली रेघ मारली. वाकडी आली म्हणून पुसली आणि दुसरी मारली.

“मंग आमच्याकडंच या की शिकवायला!” राघो म्हणाला.

“येडा का? मी सापगावचा. हे तुला फकस्त येवढ्यासाठी सांगतोय, की पुढल्या साली तू डावीकडं वळशील, आन सावळाराम तिथंच उभा असंल.”