कोतवालचा पाय अन् जवाईबापूंचं बटण

आमचे जवाई प्रभाकरराव पारशिवनीले जनावरांच्या दवाखान्यात आहेत. वीस वर्षं बैलांचे खूर पाहिले, अडलेल्या म्हशी मोकळ्या केल्या, अन् आता नागपूरहून कागद आला की पाच दिवस वर्गाले या, कुत्र्याचा पाय चालता कसा करायचा ते शिका. वरून असं की हाड जुळलेलं पण लंगडणारं एक कुत्रं आपलं आपण घेऊन या. म्हणजे शाळेत जायचं त फळाही घरूनच न्यायचा.

लंगडं कुत्रं साऱ्या सोयऱ्यांत आमच्याच घरी. नाव कोतवाल. पावसाळा लागता लागता बंडीचं चाक त्याच्या मागच्या डाव्या पायावरून गेलं. हाड जुळलं, पण पाय काही टेकवत नव्हता. शेताच्या पलीकडे जंगल, अन् तीन पायांचं कुत्रं बकऱ्या काय राखणार? माझा पोरगा गजानन बोलून चुकला होता, "माय, संक्रांतीपर्यंत चार पायावर आला त ठीक. नाही त जंगलाकडे सोडून देतो." तो बोलला की करते. बापावर गेला.

मले जायची काही हौस नव्हती. पण जवाईबापू नुसते दारात दिसले तरी कोतवाल दात दाखवते. आमच्याकडे जवाई सासूले मामीच म्हणतात. ते म्हणाले, "मामी, तुम्ही नाही आल्या त हा मले कन्हानच्या अलीकडेच फाडून खाईल." बैलाच्या नाकात दोरी घालणारा माणूस, कुत्र्याले भ्यायचा. मी लुगडं बदललं, भाकरी अन् ठेचा बांधला, निघाली.

सकाळच्या एस.टी.त कंडक्टर आडवा आला. "बुढीमाय, कुत्र्याचं तिकीट लागते."

"मंग त्याले सीट दे."

"सीट नाही भेटत कुत्र्याले."

"मंग तिकीट कशाचं, हवेचं?"

जवाईबापूंनी गुपचूप तिकीट काढलं. भांडण सुरू होण्याच्या आधीच संपवायची त्यांची खोड आहे, मले ती बिलकुल आवडत नाही.

ज्याले कुत्रं घेऊन एस.टी.नं जायचं असेल त्याले सांगते, आदल्या सांजेपासून त्याले उपाशी ठेवा. मी शहाणी, निघताना दूध-भाकर चारली. कन्हानच्या पुलावर सारी बाहेर आली, जवाईबापूंच्या चपलेवर. मागच्या बाकावरही बसू नका, तिथं आतडी हलतात, माणसाची अन् कुत्र्याचीही.

स्टँडवर सायकलरिक्षावाला विचारते, "माजी, कुत्ता काटता है क्या?" मी म्हणलं, "दामाद देख के काटता है." तो हसला, जवाईबापू नाही हसले. धर्मशाळेत कुत्र्याले मनाई, म्हणून वर्गाच्याच आवारातल्या व्हरांड्यात पथारी टाकली. पौषातली थंडी, खाली फरशी. सकाळी फाटकाबाहेर तर्री-पोहे भेटतात, तेवढं मात्र झकास. तर्री बेतानं घ्या, मी बेतानं नाही घेतली.

वर्गात बारा माणसं अन् बारा कुत्रे. आवाज असा की बाजाराच्या दिवशीचा बाजार बरा. शिकवायले एक डॉक्टरीणबाई, बोलायले मऊ, नजर सुईसारखी. गरम पाण्याच्या कपड्यानं पाय शेकायचा, बोटांपासून वर मांडीकडे चोळायचं, मंग सायकल चालवल्यासारखा पाय दुमडायचा अन् सोडायचा. यात मले नवं काही नव्हतं. अर्ध्या गावाची लेकरं मी चोळली आहेत. पण शिकायचं होतं जवाईबापूंनी, अन् ते कोतवालचा पाय असा धरत जशी विजेची तार. आपल्यात जवायाले चारचौघात बोलत नाहीत. बोलता आलं असतं त दोन दिवसांचं काम अर्ध्या तासात झालं असतं. मी नुसती कोतवालचं तोंड धरून बसली, अन् आपलंही.

तिसऱ्या दिवशी बाईनं फीत लावून मांड्या मोजल्या. उजवी भरलेली, डावी शेवग्याच्या वाळल्या शेंगेसारखी.

"हाड केव्हाच जुळलं," बाई म्हणाली. "पाय वापराविना वाळला. हा बांधून कोणी ठेवला होता?"

बांधला होता मी. जुन्या लुगड्याची झोळी करून पाय पोटाशी बांधला, चार महिने. मोडलं ते हलवू नये, एवढं मले समजत होतं. अन् शेतात त्याले टोपल्यात घालून, डोक्यावर नेत होती. जवाईबापू पोळ्याले आले तेव्हा म्हणाले होते, "मामी, आता सोडा तो." मी म्हणलं होतं, तुम्ही बैलाचं पाहा.

आता तेच उभे राहिले. "मीच बांधला, मॅडम. माझ्या ध्यानात नाही आलं."

मागून कोणी तरी म्हणालं, "वीस साल की नौकरी, अन् पट्टी सोडता येत नाही." बाकीचे अकराही हसले, कुत्रे सोडून.

माझं डोकंच फिरलं. कोणी सांगितलं होतं या माणसाले? मी उठली. "खोटं बोलून राहिले ते. पाय मी बांधला. त्यांनी सोडा म्हणलं होतं, मी ऐकलं नाही."

"लाडानं बांधला का, आजी?" बाईनं विचारलं.

"लाड कशाचा. बकऱ्या राखायले पाहिजे मले."

"मंग रोज वर्गात कडेवर घेऊन काहून येता त्याले?"

मी पदरानं नाक पुसलं.

मंग बाईनं एक युक्ती सांगितली. चांगल्या पायाच्या तळव्याखाली बटण चिकटवायचं. ते टोचलं की चांगला पाय उचलला जाते, अन् वाळलेल्याले झक मारून टेकावं लागते. थोडा वेळच ठेवायचं, नजर हलवायची नाही, नाही त घाव होते. आता बटण कुठून आणायचं? माझ्या चोळीले गाठ. तेवढ्यात टचकन आवाज आला. जवाईबापूंनी आपल्या शर्टाचं वरून दुसरं बटण तोडलं. मी दिवाळीले आहेरात दिलेला शर्ट.

चिकटपट्टी त्यांनीच लावली. कोतवालनं दात दाखवले. त्यांनी कुत्र्यापुढून हात मागं घेतला नाही. वीस वर्षांत पहिल्यांदा, मी मोजून होती.

कोतवाल उभा राहिला. उजवा उचलला. मंग डावाही टेकवेना, बसून गेला. माझ्याकडे पाहून कुईकुई. मी वाकली तशी बाई म्हणाली, "आजी, हात मागं." मी दोन्ही हात काखेत दाबून धरले. जवाईबापू चार पावलं दूर भाकरीचा तुकडा घेऊन बसले. लय वेळ गेला. कोतवालनं वाळल्या पायाचं नख टेकवलं. उचललं. परत टेकवलं. मंग तळवा. एक पाऊल, मंग दुसरं, मंग थांबून मले शिवी दिल्यासारखा भुंकला, अन् तिसरं. भाकर तेवढी घेतली, जवाईबापूंचं बोट सोडलं.

"मामी, दिसलं का?" जवाईबापू म्हणाले.

"मी का आंधळी आहे?" म्हणलं. चारचौघात बोलली, पण कोणाच्या ध्यानात नाही आलं.

शेवटच्या दिवशी जवाईबापूंले शिकल्याचा कागद भेटला. कोतवालले काही नाही. परतताना उपाशी ठेवला, पूल निभावला.

संक्रांतीले कोतवाल बकऱ्यांमागं चार पायांनी गेला. घाई असली की अजून तीन वापरते, लबाड आहे. गजाननानं पाहिलं अन् आपली बंडी जुंपली. ते बटण कोतवालनं वर्गातच चावून ठेवलं होतं. मी जवाईबापूंले नवं लावून देते म्हणलं, त म्हणे तेच लावा. लावलं. आता दवाखान्यात कोतवालच्या दातांच्या खुणांचं बटण घालून बसतात अन् लोक विचारतात.

शेताच्या वाटेवर चढ लागला की कोतवाल थांबते अन् माझ्या डोक्यावरच्या टोपल्याकडे पाहते. म्हणून मी घरूनच ते शेणखतानं गच्च भरून नेते. कोतवालवर माझा भरोसा आहे, माझ्यावर नाही.