कोणाचं यंत्र कोणाशी बोलतंय?

किस्से काही गोळा करावे लागत नाहीत. तीन माणसं एका खोलीत रोज चहा प्यायला लागली की ते आपोआप साचतात, पावसाळ्यात जांभ्यावर शेवाळ धरतं तसे. आमच्या ऑफिसात तर जरा जास्तच! कारण आमचा धंदाच मुळी दुसऱ्यांच्या घरातल्या गप्पा ऐकण्याचा. घाबरू नका, माणसांच्या नाही. यंत्रांच्या!

रत्नागिरीत बाजाराच्या मागच्या गल्लीत, सुक्या मासळीच्या दुकानावर आमचं ऑफिस. हल्ली सगळंच इंटरनेटला जोडलेलं असतं. मासळी कंपनीचा फ्रीजर, बागेतला पंप, लॉजचे कॅमेरे. आणि दार ठेवलं की कोणीतरी आत शिरायला बघणारच. त्याला पकडायचं, हे आमचं काम.

आमच्या प्रमुख रेहाना मॅडम, मूळच्या अंजनवेलच्या. आजोबा-पणजोबांनी गलबतं हाकली, ह्यांनी ग्राफ! त्यांच्या ग्राफमध्ये प्रत्येक यंत्र म्हणजे एक ठिपका, आणि जी दोन यंत्रं एकमेकांशी बोलतात त्यांच्यामध्ये एक रेघ. ह्या जाळ्याकडे बघून बघून कॉम्प्युटर शिकतो की कोणाची ऊठबस कोणाकडे आहे. भलतीच रेघ दिसली की तो बोंब मारतो, आणि एआय ती बोंब मराठीत लिहून मालकाच्या मोबाइलवर पाठवतं. हे सगळं मॅडमच्या डोक्यातून निघालेलं. ओंकार प्रोग्रामर, पुण्याहून आलेला. मी ग्राहकांचे फोन घेतो, म्हणजे शिव्या खायला मी!

*

आमचं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे एक मासळीवाले शेठ. वयस्कर माणूस, धंद्यात मुरलेला. ओंकारने त्यांना स्क्रीनवर ठिपके आणि रेघा दाखवल्या. शेठ म्हणाले, "रांगोळी छान आहे. पुढे?"

मॅडमनी खुर्ची पुढे ओढली. "चाचा, तुमच्या मुलीचं लग्न आहे. गावभर माणसं. त्यात एक जण येतो. झकास शेरवानी, अत्तर, सगळ्यांना सलाम. तो बिनबुलाया आहे, हे कसं ओळखाल?"

"कपड्यांवरून तर नाही ओळखायचा."

"बरोब्बर! पासवर्ड म्हणजे कपडे. चोरून घालता येतात. पण त्याच्यावर नजर ठेवा. तो ना नवरीकडच्यांशी बोलत, ना नवऱ्याकडच्यांशी. सरळ बिर्याणीच्या डेगीपाशी जातो. माझा ग्राफ एवढंच बघतो."

शेठनी पुन्हा एकदा स्क्रीनकडे बघितलं. मग म्हणाले, "बाय, मशीन चांगलं आहे तुझं. पण हे तू वर्णन केलंस ना, तो माझा मोठा जावई!"

मॅडमनी डोळ्याचं पातंही लवू दिलं नाही. "म्हणूनच चाचा, मशीन फक्त बोट दाखवणार. बाहेर काढायचं की पान वाढायचं, ते तुम्ही ठरवायचं!"

काम आम्हाला मिळालं. अजून आहे.

*

एआय सुरुवातीला फार वाहवत जायचं. एकदा त्याने शेठना कळवलं, "आपल्या पाचव्या शीतगृहात अज्ञात व्यक्तीचा शिरकाव झाला आहे." शेठचा मला फोन. "अरे, माझी कोल्ड स्टोअरेजं चारच आहेत! पाचवं कोणी बांधलं?"

मी एआयलाच विचारलं. त्याने पाचव्या शीतगृहाचा पत्ता सांगितला, वर त्याचं तापमानही!

ओंकार म्हणाला, "मॅडम, काढूनच टाकू हे. आपण साधी घंटा वाजवू."

"घंटेला विचारता येतं का, का वाजलीस म्हणून?" मॅडम म्हणाल्या. "ह्याला विचारता येतं. फक्त सवय लावायला हवी." मग त्यांनी नियमच घातला. एआयने लिहिलेल्या प्रत्येक वाक्याला ग्राफमधली एक तरी रेघ पुरावा म्हणून हवी. रेघ नाही, तर वाक्य नाही. तेव्हापासून त्याच्या थापा जवळजवळ बंद.

ओंकारला ही युक्ती इतकी आवडली की त्याने विचारलं, "मॅडम, हे सुचलं कसं?"

"आमच्या अंजनवेलला सुट्टीत पाव्हणे येतात मुंबईचे. काय काय सांगतात एकेक! आमची फुफी सगळं ऐकून घ्यायची आणि शेवटी एकच विचारायची, 'कोणी बघितलंन?'"

*

गुहागरच्या एका सुपारीच्या बागायतदारांच्या घरी कॅमेरे होते. एका दुपारी ग्राफ ओरडला. घरातला एक कॅमेरा रोज कुवेतशी बोलतोय! तोही गेटवरचा नाही, पडवीतल्या फडताळासमोरचा.

मी फोन लावला. "काका, तुमच्या घरात परदेशातून कोणीतरी बघतंय."

काका हादरले. मॅडम आणि मी लगेच गाडी काढून गेलो. मॅडमनी सगळं तपासलं, आणि हळूच हसल्या. कॅमेऱ्याचा पासवर्ड काकांच्या कुवेतमधल्या मुलानेच स्वतःसाठी घेतलेला. काकांना डायबेटिस. फडताळात फणसपोळी. मुलगा तिकडे जेवायच्या सुट्टीत मोबाइल उघडून बघायचा आणि इकडे आईला फोन करायचा. काका इतके दिवस बायकोवर चिडत होते, की हिला पाठीमागूनही दिसतं कसं!

"म्हणजे घुसखोर नाही," मी सुटकेचा निःश्वास टाकला.

"नाही कसा? हाच तो!" काका म्हणाले. "तुम्ही काय ते बंद करता ना? करा बंद त्याला!"

मॅडम म्हणाल्या, "काका, कॅमेरा मी बंद करते. पण फणसपोळी काकूंच्या ताब्यात द्यायची."

काकांनी फडताळाकडे बघितलं, मग कॅमेऱ्याकडे. मग म्हणाले, "राहू दे. तेवढाच पोराला घरचा चेहरा दिसतो."

*

आमच्याच ऑफिसात एकदा लाल ठिपका पेटला. अनोळखी मोबाइल, आमच्या वायफायवर! दिव्याखाली अंधार. सगळ्या रत्नागिरीची राखण करणारे आम्ही, आणि आमच्याच घरात चोर!

ओंकार खवळला. सिग्नलचा माग काढत काढत जिना उतरला, तो थेट सुक्या मासळीच्या दुकानात. दुकानदार तात्या सोड्यांच्या टोपलीवर मोबाइल टेकवून निवांत क्रिकेट बघत होते.

"तात्या! आमचा पासवर्ड हॅक केलात तुम्ही?"

"हॅक कसला?" तात्यांनी मान वर केली नाही. "परवा तू जिन्यात उभा राहून कोणाला तरी फोनवर स्पेलिंगसकट सांगत होतास. सगळ्या गल्लीला पाठ झालाय. बस, शेवटची ओव्हर आहे!"

*

मुंबईहून एक मोठे साहेब आमचं काम बघायला आले. ग्राफ बघितला, दोन-तीन अवघड प्रश्न विचारले, उत्तरं ऐकली आणि चष्मा काढून ठेवला. म्हणाले, "कमाल आहे! रत्नागिरीसारख्या ठिकाणी एवढं टॅलेंट मिळतं कुठून?"

मॅडम म्हणाल्या, "मिळत नाही साहेब, सगळं तुमच्याकडे जातं. आम्ही परतीच्या गाडीला स्टेशनवर उभे असतो!"

*

आता एक शेवटचा.

एका कोळंबीच्या कारखान्याचं काम आमच्याकडे होतं. मोठ्या हॉलमध्ये बाया कोळंबी सोलत बसायच्या, आणि भिंतीपलीकडे गार करायची यंत्रं. त्यात अमोनिया असतो. तो बाहेर आला तर काय होतं, ते कारखान्यातल्या कोणालाही विचारा.

एका दुपारी ग्राफवर एक रेघ उगवली. गेटवरचा कॅमेरा अमोनियाच्या कॉम्प्रेसरशी बोलत होता. कॅमेऱ्याचं कॉम्प्रेसरशी काय काम? एआयने लिहिलं, "कॅमेऱ्यातून कोणीतरी कॉम्प्रेसरपर्यंत पोहोचलं आहे. स्क्रीनवरच्या दाबाच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका." पुराव्याची रेघ खाली होतीच.

मॅडमनी मॅनेजरला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. "मशीन बंद करा आणि माणसं बाहेर काढा."

"मॅडम, माझ्यासमोर स्क्रीन आहे. सगळं हिरवं आहे. आज माल भरायचाय, कंटेनर दारात उभा. संध्याकाळी बघू."

"स्क्रीनला कोणीतरी खोटं सांगतंय. जाऊन मशीनवरचा काटा बघा."

"बघतो ना, एवढं झालं की."

मॅडमनी फोन जवळ ओढला. मग एकदम कापऱ्या आवाजात म्हणाल्या, "भाऊ, माझी आई आहे त्या हॉलमध्ये. कोळंबी सोलतेय."

मी आणि ओंकारने एकमेकांकडे बघितलं. मॅडमची आई त्यांच्या भावाकडे शारजाला असते. सकाळीच त्यांचा व्हिडिओ कॉल झालेला, आम्ही दोघांनी हात हलवलेला.

तिकडे मॅनेजरचा आवाजच बदलला. "काय सांगता! आत्ता बाहेर काढतो त्यांना."

"ती एकटी नाही उठायची. सगळ्या बाया उठल्या तरच उठेल."

फोनमधून खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग धावणारी पावलं, मग भोंगा. आम्ही तिघं नुसते फोनकडे बघत उभे. बऱ्याच वेळाने मॅनेजर परत फोनवर आला, धापा टाकत. काटा लाल पट्ट्याच्या पार गेलेला. मेकॅनिकने हाताने मशीन बंद केलं होतं. हॉल रिकामा होता. कोणाला काही झालं नव्हतं.

मॅडम खाली बसल्या. पाणी प्यायल्या. मग ओंकारला म्हणाल्या, "कॅमेरा तोडून टाक नेटवर्कवरून. आणि बाकीचे सगळे तपास."

दुसऱ्या दिवशी मॅनेजर स्वतः ऑफिसला आला. डोळे भरलेले. मॅडमसमोर हात जोडून उभा राहिला.

"मॅडम, तुमच्या आईला मी स्वतः हाताला धरून बाहेर आणलं हो. हॉलच्या दारात उभा राहून ओरडलो, 'रेहाना मॅडमची आई कोण?' तर मागच्या ओळीतल्या एक बाई पटकन उठल्या."

मॅडमनी हातातला कप खाली ठेवला.

"काय म्हणाल्या?"

"काही नाही. एवढंच विचारलंनी, 'माझी रेहाना बरी आहे ना?'"