मोगलाई रुपयाचे पंधरा आणे

मी लग्न होऊन हडपसरला आले तेव्हा पुण्यात श्रीमंत पेशव्यांचं राज्य होतं, आणि आमच्या घरात ज्वारीपेक्षा कडब्यावर जास्त पैसा यायचा. पूर्वेला निजामाची मोगलाई. तिकडून पुण्याला येणारे व्यापारी शहरात शिरण्याआधी आमच्या शिवारात बैल सोडायचे. बैलांना चारा लागे. त्याचे पैसे ते मोगलाई रुपयांत द्यायचे. "रुपया म्हणजे रुपया," म्हणायचे. आम्ही घ्यायचो, कारण नाही म्हटलं तर शेजारचा कडबा तयारच होता.

पण तो रुपया पुण्याच्या बाजारात कोणी घेत नसे. सराफाकडे नेऊन बदलावा लागे, आणि सराफ सोळा आण्यांऐवजी तेराच आणे हातावर ठेवी. मधल्या तीन आण्यांना बट्टा म्हणायचे. माझे घरधनी महिन्याच्या महिन्याला हा बट्टा सोसून येत आणि गुमान जेवायला बसत.

एकदा त्यांना हिवताप भरला, म्हणून मी गेले. बुधवार पेठेतल्या त्या सराफाच्या पेढीवर अकरा रुपये ठेवले. त्यातल्या एकाच्या कडेला छिन्नीचा खोल घाव होता. सराफाने तो उलटसुलट करून पाहिला, तागडीत टाकला आणि बाकीच्यांसारखे त्याचेही तेरा आणे मोजले. मी पायरीवर बसून पैसे पदरात बांधत होते, तेवढ्यात कापसाचा एक व्यापारी आला. खरेदीसाठी तो मोगलाईत निघाला होता, त्याला तिकडचे रुपये हवे होते. सराफाने माझेच रुपये त्याच्यापुढे सरकवले. "साडेपंधरा आण्यांना एक."

घाववाला रुपया वरच होता. मला राहवलं नाही.

"सावकार, आत्ता तर त्यो तेरा आण्यांचा व्हता!"

"तेव्हा तो तुमचा होता, बाई. आता आमचा आहे," सराफ मान वर न करता म्हणाला.

पेढीवरचे दोघेतिघे हसले. माझे कान तापले, पण पाय घराकडे वळेनात. मी बोळाच्या तोंडाशी उभी राहिले आणि तो कापूसवाला बाहेर आला तसा त्याला गाठला.

"शेठ, मोगलाईत हडपसरावरनंच जाता नव्हं?"

"दुसरा रस्ता आहे कुठे?"

"मग फुडल्या खेपेला हितं नका घेऊ. माझ्या दारात या. पंधरा आण्यांना देते."

त्याने मला नीट पाहून घेतलं. "आणि खोटा निघाला तर?"

"माझं घर काय कुठं पळून जातंय?"

तो हसला आणि गेला. येईल असं मला वाटलं नव्हतं. दीड महिन्याने आला, वीस रुपये घेऊन गेला. परतीच्या वाटेवर त्यातला एक त्याने माझ्यापुढे टाकला. वर चांदीचा मुलामा, आत तांबं. मी पंधरा आणे त्याच्या हातावर ठेवले. तो दिवस मला फार जड गेला. दुसऱ्याच दिवशी गावच्या सोनाराकडे जाऊन बसले. त्याने मला तागडी धरायला, कस लावायला शिकवलं. तेवढ्यासाठी त्याच्या गाईला पावसाळाभर चारा घातला. त्यानंतर खोटा रुपया माझ्या दारातून आत आला नाही.

मग तिकडून येणारे व्यापारीही विचारू लागले. त्यांना पुण्यात खर्चायला पुण्याचे रुपये हवे असत. मी त्यांना मोगलाई रुपयामागे चौदा आणे द्यायची, म्हणजे सराफापेक्षा एक आणा जास्त. जाणाऱ्याला पंधराला, येणाऱ्याकडून चौदाला. दोघंही खूश, आणि कडबाही माझ्याकडचाच उचलत.

ही गोष्ट बुधवारात पोचायला वेळ लागला नाही. सराफाने थेट जकातीच्या चौकीवर तक्रार केली की एक कुणबीण बिनपरवाना पेढी चालवते. तिथे जकात वसूल करणाऱ्या कमाविसदारांनी बोलावणं धाडलं. घरधनी म्हणाले, "मी येतो संगं." आम्ही दोघं गेलो. सराफ आधीच येऊन बसला होता.

"पेढी आहे तुमची?" कमाविसदारांनी विचारलं.

"न्हाई जी. कडबा इकते. कडब्याचं पैसं येत्यात, त्येच दुसऱ्याला देते."

"काय भावाने?"

मी भाव सांगितला.  कमाविसदार सराफाकडे वळले. "जकातीत येणारे मोगलाई रुपये आम्ही आपल्याकडे बदलून सरकारात भरतो. आपण आम्हाला काय देता?"

सराफाने घसा खाकरला. "तेरा, साहेब. बाजारभाव आहे."

"बाजार तर इथे दाराशी बसलाय म्हणायचा," कमाविसदार म्हणाले आणि मला विचारलं, "चौकीचे घ्याल का?"

माझ्या तोंडातून आवाज खणखणीत निघाला. "घेईन की. सरकारचं म्हणून साडेचौदा."

सराफ उठला, पागोटं सारखं केलं आणि निघून गेला. जाताना त्याने कोणाचा निरोपही घेतला नाही.

आठवड्याभरात पुण्याच्या पेढ्यांवर मोगलाई रुपयाचा भाव चौदावर आला. आमच्या गावच्या बायकांनी बट्टा नको म्हणून उतरंडीत, भिंतीच्या कोनाड्यांत लपवून ठेवलेले रुपये बाहेर काढले. एकीने तर सहा वर्षांचे साठवले होते. तिला मी हातात पैसे दिले तेव्हा ती तिथेच, माझ्या अंगणात, मोठ्याने हसायला लागली, आणि तिचं पाहून आम्ही सगळ्याच.

घरधन्यांना कोणी रस्त्यात भाव विचारला की ते आता ताठ उभे राहून सांगत, "माझ्या मालकिणीला इचारा." आणि बोट आमच्या घराकडे करत.