चपलेवरचं कुंकू

मी लेखक नाही. आमच्या घरात कॉलेजात जाणारा मीच पहिला. त्यामुळे लिहायला बसलो याबद्दल आधीच माफी मागतो. ज्यांच्याबद्दल लिहितोय, त्या मोरिवलीच्या फायबरच्या वस्तू बनवणाऱ्या काकांचं नावही मी कधी विचारलं नाही.

कॉलेजला जाताना मी रोज ते कामाला होते त्या शेडपाशी थांबायचो. गणपतीचं मखर असो की दुकानापुढचा आइस्क्रीमचा कोन, माल टेम्पोत चढण्याआधी काका त्याला अंगठ्याने कुंकू लावायचे. मुंबईच्या एका शिल्पकार बाईंनी प्रदर्शनासाठी माणसाएवढी चप्पल करून घेतली, तिलाही त्यांनी लावलं.

प्रदर्शनात गोंधळ झाला. चपलेला कुंकू म्हणजे धर्माचा अपमान, असं म्हणत लोकांनी बाईंविरुद्ध पोलिसांत तक्रार केली. टीव्हीवर तो लाल ठिपका मोठा करून दाखवू लागले.

तेव्हापासून शेडसमोर कुठलीही गाडी थांबली की काका दचकायचे आणि अंगठा पँटीला पुसत राहायचे.

"बाई फुकट अडकल्यात रे. सांगून टाकू का? पण पोलीस आले तर शेठ कामावर ठेवेल?"

"तुम्ही मुद्दाम थोडंच लावलं, काका?"

"चप्पल म्हणून नाय लावलं. आपल्या हातची वस्तू बाहेर चालली होती, म्हणून लावलं."

काल ते धुतलेला शर्ट घालून बाईंकडे निघालेच होते. तेवढ्यात मोबाइलवर आलेली बातमी मी त्यांना वाचून दाखवली. बाईंनी पत्रकारांना सांगितलं होतं, "चप्पल एका कारागिराने केली. कुंकू मात्र मी माझ्या हाताने लावलं."